चुन्यावर हळद

वाचकहो, आयुष्यभर कामात गुंतलेले आणि आता काम नसल्यामुळे अस्वस्थ झालेले हात आपल्याही घरात असतील. असे हात पदराचे टोक चोळत बसतात, उशीचा अभ्रा काढतात आणि पुन्हा चढवतात, ताटातले शेंगदाणे एका ओळीत मांडतात. माझ्या पत्नीचे हात गेली चार वर्षे असे चालत आहेत. तिला स्मृतिभ्रंश आहे. तिचे वय ७०, माझे ७४. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सारे मला गुरुजी म्हणतात. जन्मभर ‘अहो’ म्हणणारी ही बाई आताशा मलाही गुरुजीच म्हणते.

आम्ही आष्ट्याचे. आमच्या वाळवे तालुक्यात आषाढ लागला की घराघरांत माती येते. महाराष्ट्री बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग, मग गौरी-गणपती आणि दिवाळीला किल्ला व त्यावरचे मावळे. यातले बैल आणि मावळे आमच्या घरी विकत आणले जात नसत. काळी चिकण माती भिजवायची, मळायची, त्यातून बोटभर उंचीचा मावळा उभा करायचा, वाळला की त्याला अंगरखा, पागोटे, ढाल-तलवार रंगवायची, हे सारे माझी पत्नी करी. मिशीची रेघ ती काडीच्या टोकाने एका झटक्यात ओढत असे. मुलांचे झाले, मग नातवाचे. आजार बळावला तरी ब्रश हातात दिला की तिचे बोट थरथरत नसे, आणि म्हणून तेवढे एक काम आम्ही चालू ठेवले होते.

ते बंद पडले माझ्या चुकीने. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी माळ्यावरचे ऑइल पेंटचे जुने डबे खाली काढले. ब्रश धुण्यासाठी स्टीलच्या पेल्यात टर्पेंटाइन ओतले आणि तो पेला तिच्या उजव्या हाताशी ठेवला. नातवाला काहीतरी सांगायला मी वळलो, आणि परत पाहतो तो पेला तिच्या ओठांपाशी. मी तो हिसकावला. अर्धे टर्पेंटाइन तिच्या लुगड्यावर सांडले. घोट पोटात गेला नव्हता. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते. तहानलेल्या माणसाच्या हातचे पाणी कोणीतरी ओढून घेतले होते. तिच्या लेखी घडले ते एवढेच.

आमच्या डॉक्टरांनी नंतर जे समजावले ते आपणही ध्यानात ठेवावे. टर्पेंटाइन, रॉकेल, थिनर असा पदार्थ कोणी प्यायले तर उलटी करवू नये. उलटीबरोबर तो द्रव फुफ्फुसांत शिरला तर अपाय अधिक होतो. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे, आणि प्यायलेल्या पदार्थाची बाटली बरोबर न्यावी. अंगावरचे भिजलेले कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माझे माळ्यावरचे डबे त्याआधीचे होते. त्यात शिसे किती होते हे पाहण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते. आपल्या माळ्यावरही असे डबे असतील तर ते लहान मुलांच्या आणि आजारी माणसांच्या हाती मुळीच देऊ नका.

त्या दिवाळीनंतर ब्रश कपाटात गेला. सुरक्षितता आली खरी, पण त्याबरोबर दुपारही रिकामी झाली. तिसऱ्या प्रहरी ती दाराची कडी वाजवू लागली, “घरी जायचंय” म्हणू लागली. घर म्हणजे हरिपूरकडचे तिचे माहेर, जे आता उरलेले नाही. कडी वाजण्याचा तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

पुढच्या आषाढात बेंदूर जवळ आला तेव्हा सून म्हणाली, “अण्णा, स्वयंपाकघरातले रंग करून बघू या का? चुकून तोंडात गेले तरी भीती नाही.” मला ते पटले. झाडाचा रंग म्हणजे निर्धोक रंग, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. ती अर्धीच खरी आहे हे कळायला मला तो सबंध पावसाळा लागला.

आम्ही सहा रंग जमवले. पिवळ्यासाठी घरची हळद, लालसाठी बीट, हिरव्यासाठी पालक, निळ्यासाठी गोकर्णाची फुले, तपकिरीसाठी पानाच्या डब्यातला काथ आणि काळ्यासाठी एरंडेलाच्या दिव्यावर वाटी पालथी धरून काढलेली काजळी. बाजारात कपड्यांसाठी मिळणारी नीळ आम्ही घेतली नाही. नीळ म्हटले की झाडाची वाटते, पण ती बहुधा कारखान्यातला रंग असते. मोकळी विकत मिळणारी हळदही टाळली. पिवळा उठाव यावा म्हणून हळदीत शिसेयुक्त रंगाची भेसळ केल्याची उदाहरणे आढळली आहेत. घरी आणलेली हळकुंडे आम्ही दळून घेतली. कुंकूही वगळले, कारण बाजारचे कुंकू कशाचे केलेले आहे हे सांगता येत नाही.

रंग वस्तूला धरून राहायचा तर त्यात काहीतरी चिकट हवे. इथे मला सावंतवाडीची आठवण उपयोगी पडली. तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर आम्ही दोघांनी पूर्वी पाहिले होते. गंजिफा म्हणजे खेळायची गोल पाने. रुपयाहून थोड्या मोठ्या जागेत दशावतार हाताने रंगवलेले. मोडकळीला आलेली ही कला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून ते पान घडवण्याची जुनी रीत तिथे ऐकली होती. चिंचोक्याची खळ, झाडाचा डिंक, एवढे आपल्या घरातही असतेच.

लाडवांचा डिंक एक भाग आणि पाणी दोन भाग, असे रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळले. रंगाच्या पुडीत हे पाणी थेंबाथेंबाने घालत साईइतके दाट केले. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, अधिक झाला तर भेगाळतो. भेगा पडू नयेत म्हणून मधाचा थेंब घातला, तर रात्रीतून बैलाला मुंग्या लागल्या. मध त्या दिवसापासून बंद. काजळी पाण्यावर नुसतीच तरंगते. ती आधी घट्ट डिंकात चांगली घोटावी लागते, मग पाणी. आपल्या पोथ्यांची शाई याच जातीची होती.

काळ्या मातीवर हळद उठून दिसेना. म्हणून मी बैलांना आदल्या रात्री चुन्याचा हात दिला आणि सकाळी ब्रश हळदीत बुडवून तिच्या हाती ठेवला. पहिला फराटा बैलाच्या पाठीवर पडला आणि पाहता पाहता तांबडा झाला. मी चकित होऊन वाटीत पाहतो, तर वाटीत हळद पिवळीच. तिने ब्रश थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि वर्गात न येणाऱ्या मुलाला सांगावे तसे म्हणाली, “गुरुजी, चुन्याला हळद लागली की तांबडीच होणार. एवढं ठावं नाही?”

वाचकहो, तिला त्या सकाळी आपण कुठल्या गावात आहोत हे सांगता आले नसते. पण ती हळदीच्या घरातली मुलगी. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवण्याची रीत फार जुनी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे असल्या कितीक घरांचे श्रम आहेत. चुन्यासारख्या क्षाराच्या स्पर्शाने हळद तांबडी होते, आणि टाकणखार घालून हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर, हे तिने लहानपणी पाहिलेले होते. मी ते शाळेत कागदाच्या पट्टीवर शिकवले होते, आणि नेमके विसरलो होतो. त्या दिवशी आम्ही एक बैल मुद्दाम तांबडा केला. पुढच्या बैलांना चुन्याऐवजी खडूची ओली पूड डिंकात कालवून लावली, त्यावर हळद पिवळी राहिली. गोकर्णाचेही असेच आहे. लिंबाचा थेंब पडला की निळ्याचा जांभळट गुलाबी होतो, खाण्याचा सोडा लागला की हिरवट. नातवाला या खेळाचे वेड लागले. तो आजीशेजारी तासभर बसून राहिला, जो एरवी पाच मिनिटे बसत नसे.

आता जे बिघडले ते सांगतो, कारण अशा लेखांतून बिघडलेले सांगितले जात नाही. बीट चार दिवसांत तपकिरी पडले. पालकाचा हिरवा शेवाळासारखा मळकट झाला. खिडकीत ठेवलेल्या बैलाची हळद ऊन लागताच फिकटू लागली. पावसाळी हवेत उरलेल्या रंगाला दुसऱ्याच दिवशी बुरशी धरली. रंगाला पाण्यापासून वाचवायला म्हणून जवसाच्या तेलाचा हात दिला, तर ते वाळायला आठवडे लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटही घेऊ शकतात. हे तेल चटणीच्याच जवसाचे असते! असे फडके पाण्यात बुडवावे किंवा मोकळ्या जागी उलगडून वाळवावे. आम्ही तेल सोडूनच दिले.

पण सर्वांत मोठा धडा बिटाच्या वाटीने दिला. एका दुपारी मी हात धुऊन परत आलो, तर पत्नी बिटाचा रंग बोटाने चाटून संपवत होती. का चाटू नये? स्टीलची वाटी, लालचुटुक दाट पदार्थ, बिटाचा वास. कोशिंबिरीहून त्यात वेगळे काय होते? त्या वाटीत ताजे बीट आणि डिंक यांशिवाय काही नव्हते, म्हणून निभावले. तिथे कालचा बुरशी आलेला रंग असता तर? ऑइल पेंटच्या उग्र वासाने निदान एखादे वेळी माणूस दूर सरेल. हा रंग तर जवळ बोलावत होता. झाडाचा म्हणून मी निश्चिंत होतो आणि निश्चिंत होतो म्हणूनच उठून गेलो होतो.

त्या रात्री ती टर्पेंटाइनची बाटली टाकून देण्यासाठी मी शोधून काढली. तेव्हा ध्यानात आले की टर्पेंटाइन तरी कुठून येते? पाइनच्या, म्हणजे चीड वृक्षाच्या, चिकातून. तेही झाडाचेच. कण्हेर झाडाचीच, धोत्रा झाडाचाच. तेव्हा ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द डबीवर पाहून आपण जो निःश्वास टाकतो तो थोडा थांबवावा. रंग कशापासून आला याबरोबर तो कोणाच्या हाती जाणार आहे आणि त्या हाताशेजारी कोण बसणार आहे, हेही विचारावे.

यानंतर आम्ही काही पथ्ये ठरवली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ती उपयोगी पडतील.

रंग आता जेवणाच्या भांड्यांत कालवला जात नाही. त्यासाठी करवंट्या ठेवल्या आहेत, आणि ब्रश धुण्याचे पाणी पेल्याऐवजी मातीच्या पसरट परळात असते. परळ कोणी तोंडाला लावत नाही. एका वेळी एकच रंग, तोही चमचाभर. उरलेला त्याच दिवशी फेकायचा. वस्तू तोंडात मावणार नाही एवढी मोठी करायची. म्हणून आमचे मावळे बोटभर होते ते आता वीतभर झाले आहेत. ब्रशच्या दांडीला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली, त्यामुळे पकड सैल होत नाही. बैल पांढरा असेल तर खाली गडद फडके अंथरायचे, म्हणजे वस्तू कुठे संपते ते नजरेला कळते. वेळ जेवणानंतरच्या विश्रांतीनंतरची, दिवेलागणीच्या बरीच आधी. संध्याकाळी तिची अस्वस्थता वाढते. “हे रंगव” असे सांगत नाही. मी माझा बैल रंगवू लागतो, ती बघते आणि आपला ब्रश उचलते. कधी उचलत नाही. त्या दिवशी आम्ही नुसते बसतो. आणि रंग उघडा असेपर्यंत मी जागेवरून उठत नाही. दाराशी कोणी आले तरी आधी करवंटी उचलतो, मग कडी काढतो.

भाद्रपदात पारिजातक फुलला, तेव्हा आणखी एक काम सापडले. फुलांच्या केशरी देठांतून सुरेख पिवळसर रंग उतरतो. सकाळी परातीत फुले पसरायची आणि देठ एका बाजूला, पाकळ्या दुसऱ्या बाजूला करायच्या. तासभर तिचे हात शांत असत. तो रंग हळदीहूनही लवकर उडाला. पण देठ खुडण्याचा तो तास माझ्या हिशेबात जमेच्या बाजूला आहे.

रंगवण्याने तिचा आजार बरा होत नाही. कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नका. तिची औषधे, तपासण्या चालू आहेत आणि आजार आपल्या गतीने पुढे जातो आहे. बदलले ते एवढेच की तिसऱ्या प्रहरी दाराची कडी रोज वाजत नाही. आठवड्यातून दोनदा वाजते.

गेल्या दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे उन्हात आणि दवात उभे राहायचे होते, तेव्हा झाडाच्या रंगाचा हट्ट मी सोडला. लालला काव, पिवळ्याला पिवडी, पांढऱ्याला खडू आणि काळ्याला काजळी घेतली. पहिल्या तीन गोष्टी मातीच्या आणि दगडाच्या. उन्हाने त्या उडत नाहीत. कोरडी पूड उडवू नये, नाकातोंडात जाते, आधी भिजवावी. निळा अंगरखा मात्र नातवाला हवाच होता. तो त्याने पाण्यात विरघळणाऱ्या, विषारी नसल्याची नोंद असलेल्या शाळेच्या रंगांनी स्वतःच्या टेबलावर रंगवला. मिशा आजीने काढल्या. एकीही रेघ सरळ आली नाही. किल्ला बघायला आलेल्या मुलांनी विचारले, तेव्हा नातू म्हणाला, “आमचे मावळे म्हातारे झालेत, तरी पहाऱ्यावर आहेत.”

बेंदराचा तो पहिला पिवळा बैल अजून आमच्या खिडकीत आहे. महिना-सव्वा महिन्यात त्याची हळद उडते आणि आतला पांढरा खडू दिसू लागतो. सुरुवातीला नातू हिरमुसायचा. “टिकणारा रंग लावा ना, आजोबा.” मलाही तसेच वाटे. पण पत्नीला तो बैल आपण रंगवला होता हे आठवत नाही. तिला दिसतो तो रंग न लावलेला बैल, आणि सण जवळ आल्यासारखी ती लगबगीने उठते, ब्रश मागते. टिकाऊ रंग असता तर ती काय मागणार होती? मी आता नातवाला सांगितले आहे, हा बैल आजीचा; त्याचे रंग उडू देत.

सध्या फाल्गुन चालू आहे. सांगलीच्या बाजारात नवी हळद येऊ लागली आहे. परवा तिने हळकुंड दातांनी तोडून पाहिले, वास घेतला आणि म्हणाली, “चांगली शिजलीय.” काल दुपारी बैल पाचव्यांदा पिवळा झाला. शेपूट राहिले आहे, ते आज.